रंगाऱ्याचा इतिहास

अलेक्झांडर थोर होता की नव्हता, याचा निकाल इतिहासकारांनी लावावा. ज्याने त्याचं सैन्य रंगवलंय, त्याचं मत चांगलं असणं कठीण. फालँक्सची एक तुकडी म्हणजे सोळा रांगा आणि रांगेत सोळा माणसं, एकूण २५६. प्रत्येकाच्या हातात साडेपाच मीटरच्या आसपासचा भाला, सारिसा. मी रंगवतो ते प्लास्टिकचे शिपाई २८ मिलिमीटरचे, बोटाच्या एका पेराएवढे. भाला मात्र दहा सेंटीमीटरचा. हे सैन्य कुठल्याच खोक्यात मावत नाही आणि झाकण लावायला जावं तर ते आपल्यावरच चालून येतं. टेबलावरच्या लढाईच्या खेळात एक शिपाई बऱ्याच माणसांच्या वतीने उभा असतो, म्हणून निभावतं. नाहीतर मी अजून मॅसिडोनियातून निघालोच नसतो.

मी नॉटिंगहॅमला राहतो, तेव्हा दोष थोडा गावाचाही आहे. असे छोटे शिपाई बनवणाऱ्या कंपन्यांपैकी गेम्स वर्कशॉप इथलं, वॉरलॉर्ड गेम्स इथलं. पर्यटक रॉबिन हूडसाठी येतात. आम्ही खोकी घेऊन घरी जातो आणि ती पलंगाखाली ढकलतो.

या खोक्यांत सैनिक नसतात, अवयव असतात. राखाडी प्लास्टिकच्या चौकटीला धडं, हात, डोकी, ढाली लटकलेल्या. निपरने कापायचं, साच्याची रेघ सुरीने खरवडायची, मग जोडायचं. जोडायचा डिंक हा डिंक नव्हेच. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. ओल्या डिंकाचं बोट शिपायाच्या पाठीला लागलं, की तुमचा ठसा त्याच्यावर कायमचा. डोकी मात्र कंपन्या उदारपणे देतात, धडांपेक्षा जास्तच. उरलेली मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. गॉल लोक शत्रूची नामांकित डोकी देवदाराच्या तेलात मुरवून पेटीत ठेवत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत, असं ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलंय. माझ्या घरात ती प्रथा चालत नाही. आई इकडे आली होती तेव्हा तिने पुऱ्या तळून झाल्यावर तो डबा उघडला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

युद्ध खरं सुरू होतं ते रंगांवरून. रोमन शिपायाचा अंगरखा लाल की न रंगवलेल्या लोकरीचा, यावर या छंदात दोन पक्ष आहेत आणि तह होण्याची चिन्हं नाहीत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोमन सैन्याचं बारीक वर्णन केलं. शिरस्त्राणावर तीन पिसं, हातभर उंच, जांभळी किंवा काळी, इथपर्यंत सांगितलं. अंगरख्याच्या रंगाबद्दल मात्र हा गृहस्थ गप्प! पिसाचा रंग सांगायला वेळ होता. या एका मुद्द्यावर दोन निवृत्त सद्गृहस्थ चहा थंड होईपर्यंत भांडताना मी पाहिलेत. टेबलावर कॅनीची लढाई मांडलेली होती. हॅनिबल तसाच उभा राहिला, फासे कोणी टाकलेच नाहीत.

अशा संगतीने माणसाची इतिहासदृष्टी बदलते. अथेन्सने लोकशाही दिली, मान्य. पण त्या लोकशाहीत प्रत्येकाने आपल्या ढालीवर आपल्याला हवं ते चित्र काढायचं, याचा त्रास कोणाला? इराणी सम्राटांचं वैभव त्यांच्या सुसाच्या राजवाड्याच्या रंगीत विटांवर अजून दिसतं: पायघोळ झगे, झग्यांवर फुलं, फुलांच्या शेजारी चौकोन, चौकोनात बुरूज. बघायला सुंदर. दोन केसांच्या ब्रशने एक झगा करून पाहा, म्हणजे अलेक्झांडरबद्दलही थोडी सहानुभूती वाटू लागते. मला मनापासून आवडतं ते कड्यांचं चिलखत. काळा रंग द्यायचा, ब्रशवर चंदेरी घेऊन कागदाला जवळजवळ कोरडा पुसायचा आणि वरून हलकेच फिरवायचा. कडी न् कडी आपोआप चमकते. चिलखत शोधणाऱ्याने सैनिकांचे प्राण वाचवले असतील. माझे रविवार नक्की वाचवले.

डोळ्यांवरून आईशी माझे मतभेद झाले. “डोळे काढ की रे त्यांना. आखणी न करता गणपती कोणी घरी नेतं का?” तिचं माहेर पेणचं, त्यामुळे अधिकारवाणी. तिच्या मानासाठी एका तुकडीला डोळे काढले. अख्खी तुकडी एकदम दचकली, जणू हत्ती मागून आले. डोळे न काढता वर वॉश, म्हणजे पातळ तपकिरी रंग, सोडला, तर खाचांत सावली बसते आणि हातभर अंतरावरून माणूस करारी वाटतो. आई म्हणाली, “झोपलेले वाटतात.”

तर नव्याने या नादाला लागणाऱ्यांना माझा सल्ला. अलेक्झांडर नको, इराणी तर मुळीच नकोत. इ.स.पू. २२५मध्ये तेलामोनच्या लढाईत गेसाती नावाचे वीर गॉलांच्या आघाडीला उभे राहिले, ते पूर्ण नागडे. काटेरी झुडपांत कपडे अडकतील म्हणून त्यांनी ते काढूनच ठेवले, असं पॉलिबियस सांगतो. ढालीमागे सगळं अंग मावेना, रोमन भालाफेकीत त्यांची दैना झाली, लढाई गेली. पण रंग किती लागले? कातडीचा, केसांचा, गळ्यातल्या सोन्याचा, आणि ढाल-तलवारीपुरता थोडा. पहिलं खोकं गेसातींचंच घ्या. हराल, पण रंगवून होतील.