विड्याचा जावई, मुक्काम बाणेर

पुण्यात कुठं राहता, असं कुणी विचारलं की मी 'बाणेर' एवढंच म्हणून थांबतो. पुढचं 'अरे वा' समोरच्यानं म्हणायचं असतं. तो नाहीच म्हणाला, तर 'आमचा भाग तसा शांत आहे हो' ही पुस्ती मीच जोडतो. आमच्या वडिलांनी मात्र पहिल्याच भेटीत बाल्कनीतून खाली बघत विचारलं, "आरं, कुणी गेलं का काय हितं?"

शांततेची मला गरजच होती. मी बीड जिल्ह्यातल्या, केज तालुक्यातल्या विड्याचा जावई. विड्यात धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. ऐंशीहून जास्त वर्षांची प्रथा आहे ही. काही दिवस आधीपासून पोरांची पथकं जावई हुडकायला निघतात आणि जावई फोन बंद करून परागंदा होतात. सापडला की गळ्यात चपलांचा हार, अंगावर रंग, पुढं वाजंत्री. शेवटी त्यालाच मनपसंत कपड्यांचा आहेर, सोन्याची अंगठी. इज्जतीला जपणारा मी दर होळीला ऑफिसच्या कामाची थाप मारून बाणेरात दडून बसायचो. एकदा मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, या की खुशाल. तुमचं नाव कुणाच्या ध्यानातबी नाही." तो अपमान गाढवावर बसण्यापेक्षा जास्त झोंबला.

इथं तर मला हुडकायला कोण येणार? समोरच्या फ्लॅटवाल्यांचं आडनाव मला कुरिअरच्या खोक्यावरून कळलं. मध्यंतरी वडील सीताफळांची पाटी घेऊन आले, तर गेटवर त्यांची नोंद 'डिलिव्हरी' अशी झाली आणि त्यांना सर्व्हिस लिफ्टनं वर धाडलं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ते पिकवणाऱ्याला मेन लिफ्ट नाही. मी तणतणत सेक्रेटरींना फोन लावला. वडील मात्र खुशीत होते. त्या लिफ्टमध्ये त्यांना धारूरची एक बाई भेटली होती, ऊसतोडीचा कोयता ठेवून धुण्याभांड्याला आलेली. वर येईस्तोवर सोयरीकही निघाली होती. म्हणाले, "तुझ्या त्या दुसऱ्या लिफ्टीत समदे आकडेच बघत उभे ऱ्हातेत."

मग मी कमिटीकडं अर्ज टाकला: यंदाच्या धुळवडीला सोसायटीत गाढव आणावं, पहिला मान माझा. गाढवानं सर्व्हिस लिफ्ट वापरावी, हे एकमतानं मंजूर झालं. जावयानं कोणती वापरावी, यावर उपसमिती नेमली आहे.