रिकाम्या पिंपांचे धनी

गोंदियात मुलीच्या आंदणाची भांडी घ्यायची असोत की दुधाची नवी कॅन, माणसं आधी काकाजींना गाठतात, मग गोरेलाल चौकातलं दुकान. काकाजी येताना दिसले की दुकानदार घाईघाईने चहा सांगतो. चहा संपेपर्यंत तरी त्याची भांडी वाचतात.

काकाजींचा मूळ विषय मात्र बिअर. पुण्याला मुलाकडे गेले असताना एका मायक्रोब्रुअरीत त्यांनी घोटभर चाखली, तोंड वाकडं केलं आणि पुढचा तासभर टाक्यांच्या जोडांवरून बोट फिरवत उभे राहिले. तेव्हापासून घरी बिअर करायची तर पिंप कसं हवं, याचा अभ्यास सुरू आहे.

खिशात चुंबक असतं. “चिकटलं नाही, म्हणजे अस्सल,” असं कुणी म्हटलं की ते उसळतात. “२०२ नंबरच्या स्टीललाही चिकटत नाही जी! त्यात निकेल कमी करून मँगेनीज वाढवतात. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. अन् ३०४ला दाबून आकार दिला का तेही कडेला थोडं चिकटते.”

“मग चुंबक कशाला बाळगता?”

“दुकानदार घाबरते.”

बाहेरच्या चकाकीला काकाजी भुलत नाहीत. टॉर्च आत सोडून ते जोड तपासतात. जोड खडबडीत असला की खाचेत जंतू बसतात आणि पुढची बिअर आंबते. मग झाकणाला साबणाचा फेस लावून, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसे बुडबुडे शोधतात. तारेचा चोथा आणि ब्लीचिंग यांना घरात बंदी आहे. चोथ्याने ओरखडे पडतात, क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतो.

एवढं करून १९ लिटरची दोन पिंपं घरी आली. बिअर मात्र आली नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूच बंद. काकाजी कायद्याला भिऊन असतात. मोह फुलला की देवरीकडचा एखादा पाहुणा हळूच विचारतो, “काकाजी, आमच्या कामाले कोणतं पिंप बरं?” काकाजी कडाडतात, “माझ्या दारात असलं विचारायचं नाही!” मग फाटकापर्यंत सोडायला जातात आणि कुजबुजतात, “ॲल्युमिनियम नको म्हणा. आंबट रस त्याले खाते.”

अखेर काकूंनीच पिंपांचा निकाल लावला. तांदळाच्या गिरण्यांचं गाव. एकात चिन्नोर भरला, दुसऱ्यात पोहे. “एवढं महागाचं पिंप, अन् तोंडातून शेराचं माप जात नाही,” ही त्यांची एकच तक्रार.

यंदा तांदळात सोंडे झाले नाहीत. काकू त्याचं श्रेय कडुनिंबाच्या पाल्याला देतात, काकाजी झाकणाच्या रबरी रिंगला.