एक कोयता, शून्य भेदभाव

सारख्या कामाला सारखा मोबदला मिळावा आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद होऊ नये, यासाठी देशाने १९७६ मध्ये समान वेतन कायदा केला व पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेतला. या कायद्याचे निष्कलंक पालन पाहण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून उसाच्या फडांकडे निघणाऱ्या गाड्या पाहाव्यात.

ऊसतोडीच्या व्यवहारात माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा आलेला माणूस हा अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घ्यायची आणि पुढे तोडलेल्या टनांतून फेडायची आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते व बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बायकोच्या नावे मजुरीच नसल्याने ती नवऱ्यापेक्षा कमी आहे, असा आरोप कोणाला करता येत नाही.

या मोजणीचे लाभ इतर कायद्यांपर्यंतही पोचू शकतात, ही बाब मालकवर्गाच्या सल्लागारांच्या नजरेतून निसटलेली दिसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक करतो. परंतु सोळा माणसांची टोळी ही आठच कोयत्यांची असल्याने समितीचा प्रश्न मिटतो, आणि बाईला तक्रार करायचीच असेल तर तिने फड सोडून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे, मात्र तो जिल्हा तिच्या घराचा की फडाचा, हे तिने वाटेत ठरवावे. पन्नास कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे, असे प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. पन्नास माणसांचे पंचवीसच कोयते होतात, तेव्हा पोर बांधावर साडीच्या झोळीत निजले तरी नियमभंग होत नाही. त्याच दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची केली आणि १९६१ च्या मूळ कायद्याने तर बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यासच मनाई केली होती. पण कोयता बाळंत होत नाही. शिवाय रजा देणारा मालक कोण, हे विचारल्यास कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, आणि दोन बोटांच्या मधल्या जागेला कंत्राट म्हणतात.

कोयत्याला रजा नसते, खाडा असतो. खाडा म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाचा दंड: त्या दिवसाची कमाई बुडतेच, वर दंड उचलीच्या हिशेबात चढतो. जोडीतला एक जण आजारी पडला तरी खाडा पडतो. पाळीत अंगावरून जात असताना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईने खाडा टाळण्यासाठी काय करावे, याचे उत्तर बीड जिल्ह्यातील दवाखान्यांनी दिले. २०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतील अनेक जणींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. यावर नियम आला तो असा की, खाजगी दवाखान्यात गर्भाशय काढण्यापूर्वी सरकारी डॉक्टरची परवानगी घ्यावी. नियम योग्यच होता. पण परवानगी मागायची ती पोट चिरायला, खाडा लावायला नाही! शहरी कार्यालयांत समानतेच्या वार्षिक प्रशिक्षणावर चहा-बिस्किटांसह अर्धा दिवस खर्ची पडतो आणि उपस्थितांच्या सह्या जपून ठेवल्या जातात. त्याच कार्यालयांतल्या चहात पडणाऱ्या साखरेमागे एका बाईची सहीसुद्धा नसते, हा निर्लज्जपणा आहे, आणि त्याला व्यवस्था म्हणणे हा दुसरा.

समान वेतन कायद्याने मालकावर कामगारांची नोंदवही ठेवण्याचे बंधन १९७६ मध्येच घातले. त्या वहीत कोयत्याच्या एका ओळीच्या दोन ओळी कराव्यात, दोन नावे, दोन हजेऱ्या व दोन मजुऱ्या लिहाव्यात, आणि बायकोची मजुरी बायकोच्या खात्यावर भरावी. पुढच्या गाळप हंगामाआधी एवढे करण्यास नव्या कायद्याची गरज नाही.