टायगरचे सर

निलंग्यात सकाळी सातला कुणाला गाठायचं असेल तर राईसच्या गाड्यावर जावं. अपवाद एकच, टायगरचे सर. सर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पेशाने ते विमा एजंट असोत, कृषी सेवा केंद्र चालवोत की कुणाचे मेहुणे म्हणून नुसतेच हिंडोत, ज्या रात्री मोबाइलवर परदेशी कुत्र्यांची अॅजिलिटी पाहिली त्याच रात्री ते आपोआप ‘सर’ झाले. हा माणूस आता तालुक्याच्या गावोगाव दिसू लागलाय. एनए झालेल्या, पण घरं न झालेल्या प्लॉटांवर त्याचा वर्ग भरतो.

सामान मात्र अस्सल इथलं. उड्यांचे अडथळे तुषार सिंचनाच्या जुन्या पाइपांचे. बाभळीला टांगलेलं मोटारसायकलचं टायर. बोगदा म्हणून नालीच्या कामातून उरलेला सिमेंटचा पाइप. सी-सॉची फळी सेंट्रिंगची. ती परत मागायला ठेकेदार दोनदा येऊन चहा पिऊन गेला.

अॅजिलिटी हा खेळ मुळात विलायतेचा. 1978 साली लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनात मधल्या वेळात प्रेक्षकांनी जांभया देऊ नयेत म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी तो घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून बेतला. आज जगभर त्याच्या स्पर्धा होतात. कुत्र्याने उड्या मारायच्या, बोगद्यातून निघायचं, बारा खांबांतून नागमोडी पळायचं, आणि हे सगळं घड्याळ लावून. मालकाने कुत्र्याला हात लावायचा नाही आणि रिंगणात खाऊ न्यायचा नाही. सरांना दोन्ही अटी मान्य आहेत, कारण तोंड बंद ठेवण्याची अट त्यांत नाही.

आता टायगर. टायगर करवानी आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव करवानी आणि केसाळ पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं. हेच करवानी कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखलं जातं, आणि 2005 साली ते टपाल तिकिटावरही झळकलं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. जातीचा बांधाच तसा, पण येणारा-जाणारा थांबून विचारतो, “सर, ह्याला खायला घालत नाहीत का ओ?”

सरांनी पाहिलेल्या व्हिडिओंत बहुतेक बॉर्डर कॉली होते. ती मेंढपाळाची जात. दर पावलाला मालकाच्या तोंडाकडे बघणारी. करवानी घडला तो उघड्या माळावर नजरेने सावज टिपून पाठलाग करण्यासाठी. प्रत्येक वळणावर मालकाला विचारत बसला असता तर ससा एव्हाना औराद शहाजानीला पोचला असता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, पण टायगरच्या डोळ्यांना तशी नोटीस अजून मिळालेली नाही. तिसऱ्या उडीनंतर लांब कुठे काही हललं की तो निघाला. मागे सर, सरांच्या मागे गल्लीतली पोरं.

“देशी कुत्र्याला शिकवता येत नाही,” हे सरांचं ठरलेलं कारण. ते टिकत नाही. सीमा सुरक्षा दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने 2024 च्या अखिल भारतीय पोलिस ड्यूटी मीटमध्ये माग काढण्यात पहिला क्रमांक तर पटकावलाच, वर त्या मेळाव्यातल्या सर्वोत्तम श्वानाचा किताबही घेतला. हे ऐकवल्यावर सर शांतपणे म्हणतात, “तिला सरकारी पगार आहे.”

खरी गोम वेगळीच आहे. या खेळात कुत्रं आवाजापेक्षा माणसाचे पाय आणि खांदे वाचतं. म्हणून तर स्पर्धेआधी मालक एकटेच रिंगण चालून घेतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, ते पाठ करतात. सरही चालतात, पण कानाला मोबाइल लावून. मग “टनल! टनल!” असा पुकारा होतो. तोंड बोगद्याचं नाव घेतं आणि पाय निघतात टायरकडे. टायगर पायांचं ऐकतो, टायरमधून सुरेख निघतो आणि शिव्या खातो. कट्ट्यावरच्या मामांनी एकदा न राहवून सांगितलं, “सर, कुत्रं बरोबर जायलंय, तुम्हीच आडवं यायलालाव.” सरांनी मामांना खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम समजावले. मामांनी तंबाखू मळली.

नागमोडी खांबांत पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा. हे दाखवण्यासाठी सर स्वतः खांबांतून पळाले. टायगरने बसून सगळं नीट पाहिलं. सी-सॉवरून उतरताना पिवळ्या पट्ट्यावर पाय पडला नाही तर पाच दोष लागतात. टायगर वरूनच झेप घेतो. सरांनी यावर उपाय म्हणून पट्टाच वर वाढवत नेला. आता जवळजवळ सगळी फळी पिवळी आहे.

सरांची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. वाढत्या हाडांना उंच उड्या सोसत नाहीत, हे जनावरांच्या डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी मुकाट ऐकलं आणि पहिलं वर्षभर पाइप जमिनीवरच ठेवले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, काळी माती भेगाळून दगडासारखी होते, तेव्हा नऊनंतर वर्ग बंद. टायगर पाण्याच्या घमेल्याशी, सर सावलीला. घरून मात्र फोन येतो, “अहो, दुकान उघडायचंय का आज?”

आजच्या घडीचा निकाल असा, की टायगर पास आहे. सरांना दोन विषयांत एटीकेटी लागली आहे, पाय आणि तोंड.