वाइन चाखावी कानाने

नाशिकला वाइन टेस्टिंगला गेलं की 'तीर्थक्षेत्री तीर्थ' हा विनोद कोणीतरी करतोच. आमच्या गटात तो पहिला ग्लास भरायच्या आधीच झाला, आणि करणारे गृहस्थ स्वतःवर इतके खूश झाले की दुसऱ्या ग्लासाला त्यांनी तो पुन्हा केला. तो विनोदही उधारीचाच. पुढच्या तासाभरात बाकीच्यांनीही आपलं असं काही बोलायचं नाही, अशी जणू शपथच घेतली होती.

विषय होता शेनिन ब्लाँ. मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं हे वाण आता नाशिकच्या पांढऱ्या वाइनमध्ये घरच्यासारखं वावरतं. सुला वायनरीने २००० साली आपली पहिली वाइन बाजारात आणली, त्यात सोव्हिन्यॉन ब्लाँच्या जोडीला शेनिनही होतं. उन्हाळ्यातही आंबटपणा टिकवून धरतं, माल बरा देतं, आणि वाइन तुम्ही म्हणाल तशी देतं: कोरडी हवी तर कोरडी, गोड हवी तर गोड, फेसाळ हवी तर तीही. इतकं समजूतदार वाण सापडल्यावर महाराष्ट्राने त्याला सोडलं नाही यात नवल ते काय.

आम्हाला चाखायला शिकवणारा मुलगा पंचविशीतला, काळा एप्रन, केस चापून बसवलेले. बोलताना मधूनच निफाडकडचं मराठी डोकावायचं आणि तो लगेच ते इंग्रजीखाली झाकायचा. "सर, ग्लास दांडीला धरा. मॅडम, पोटाला नको, हाताच्या उष्णतेने वाइन वॉर्म होते." मग बघा, मग फिरवा, मग हुंगा, मग घोट घ्या, तोंडात घोळवा. फिरवण्याच्या पायरीला ठाण्याच्या एका तरुणाने जोर इतका लावला की त्याची वाइन शेजारणीच्या बाहीवर गेली. शेजारीण म्हणाली, "असू दे, पांढरीच आहे." त्या संध्याकाळचं वाइनविषयीचं ते सर्वात उपयुक्त मत.

शेवटची पायरी थुंकण्याची. टेबलाच्या मधोमध एक चकचकीत स्टीलची पिकदाणी ठेवलेली. खरे चाखणारे घोट घेऊन थुंकतात, म्हणजे विसाव्या वाइनलाही जीभ शुद्धीवर राहते. आमच्यात ती पिकदाणी तासभर कोरडी राहिली. पुण्याच्या एका बाईंनी तर स्पष्टच विचारलं, "तिकिटाचे पैसे घेतलेत ना? मग थुंकायचं कशाला?" याला उत्तर नाही.

मग आला प्रश्न. "आता सांगा, कशाकशाचा वास येतोय?"

सगळे गप्प. इतका वेळ फोटो काढणारी मंडळी एकदम खाली बघू लागली. मुलगा दोन क्षण थांबला आणि त्यानेच सांगितलं: हिरवं सफरचंद, पेअर, थोडा पेरू, शेवटी मधाची छटा. आणि काय आश्चर्य! "हो, पेरू!" "पेरू तर स्पष्ट आहे!" "मला तर आधीच आला होता!" '२१ अपेक्षित' पाठ करून दहावी सुटलेली आमची पिढी, उत्तर आधी कळल्याशिवाय प्रश्न वाचायचा नाही ही आमची जन्माची सवय. वाइन नाकाखाली होती, पण चव कानातून आली.

मला राहवेना. पुढच्या ग्लासाला मुलगा काही बोलायच्या आत मी शेजारी ऐकू जाईल इतपत पुटपुटलो, "कवठ." ग्लासात कवठ होतं असं माझं मुळीच म्हणणं नव्हतं. मिनिटभराने मागून आवाज आला, "अहो, यात कवठासारखं काहीतरी लागतंय बघा." दुसरा आवाज: "हो ना, कवठाची चटणी!" गूळसुद्धा निघाला असता, पण मुलाने घाईघाईने अननस जाहीर केलं आणि कवठ मागे पडलं.

आपल्याच लोकांना हसायला नको. २००१ साली बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दोन ग्लास दिले, एक पांढऱ्या वाइनचा आणि एक तांबड्या वाइनचा. खरं तर दोन्हींत तीच पांढरी वाइन होती. एकात बिनवासाचा तांबडा रंग घातलेला. विद्यार्थ्यांनी रंगीत ग्लासाचं वर्णन तांबड्या वाइनसाठी राखून ठेवलेल्या शब्दांत केलं. हे बोर्दोचे, घरचेच! २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाइन पाजली. पाच डॉलरची वाइन पंचेचाळीस डॉलरची म्हणून दिली, तर ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाचा भागही जास्त जागा झाला. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच जास्त मजा आली होती. फक्त ती द्राक्षांमुळे नव्हे, किमतीमुळे. आमच्याकडे चौथी बाटली "ही जरा प्रीमियम आहे" असं म्हणून उघडली गेली तेव्हा सगळ्यांनी मान थोडी तिरकी केली, ती काय उगीच?

आणि परीक्षकांचं म्हणाल तर २४ मे १९७६ चं पॅरिस आठवा. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची शार्दोने. फ्रान्समध्ये सुतक. लेबल झाकलं की फ्रेंच नाकालाही फ्रान्स सापडत नाही, एवढं त्यातून कळलं. याच स्परियर यांचं नाव पुढे कुठल्या बाटलीशी जोडलं गेलं? अकलूजच्या. सोलापूर जिल्ह्यात फ्रातेल्ली वायनरीने त्यांच्याबरोबर वाइन काढली. पॅरिस ते अकलूज हा प्रवास उसाच्या ट्रकनेही इतका सरळ झाला नसता.

हे सगळं थोतांड आहे असं मात्र समजू नका. सोव्हिन्यॉन ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणतात, तो कल्पनेतला नाही. ढोबळी मिरचीत जे रसायन असतं तेच त्या द्राक्षातही असतं. थंड टाकीत सावकाश आंबवलेल्या ताज्या पांढऱ्या वाइनला केळ्याचा वास येतो तो यीस्टने केलेल्या एका एस्टरमुळे, आणि पिकलेल्या केळ्यातही तोच एस्टर. म्हणजे ग्लासात वास असतो, बरेच असतात. प्रश्न इतकाच की ते शोधायचे कोणी. आमच्या मुलाने सगळं श्रेय नाशिकच्या मातीला दिलं. यीस्ट बिचारं स्टीलच्या टाकीत राबतं आणि भाषणात माती भाव खाऊन जाते.

आमच्या टेबलावर एक जण वेगळे होते. पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार, साठीचे, पांढरी टोपी. पुण्यात नोकरी करणाऱ्या जावयाने हौसेने आणलेले. त्या दिवशी संकष्टी, त्यामुळे पिणार नाहीत. प्रत्येक ग्लास उचलायचे, खिडकीकडे धरून बघायचे, एकदा हुंगायचे आणि जावयाकडे सरकवायचे. जावई त्यामुळे सगळ्यांच्या दुप्पट शिकत होता.

तिसऱ्या ग्लासाला त्यांनी विचारलं, "भाऊ, माल कितीला तोडला?"

मुलाला वाटलं भाव विचारतायत. "सर, किमती बाहेर काउंटरवर—"

"भाव नाही हो. ब्रिक्स. कितीला तोडली द्राक्षं?"

ब्रिक्स म्हणजे रसातली साखर. बागेत उभं राहून रेफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मणी पिळायचा, डोळ्याला लावायचा आणि आकडा वाचायचा. द्राक्षपट्ट्यात हे शाळकरी पोरालाही येतं. मुलगा गोंधळला. बागायतदारांनीच मग बोटांवर हिशोब केला: "बावीसला तोडला असंल तर दारू साडेबाराच्या आसपास निघंल. बघा बरं लेबल." लेबलवर अल्कोहोल साडेबारा टक्के होतं. संध्याकाळभरात कोणीतरी केलेलं आणि पडताळून बघता आलेलं ते एकमेव विधान, आणि ते न पिता केलेलं.

त्यांनी पुढे आणखी विचारलं. खुंट कुठला, डॉगरिज का एकशेदहा आर? एप्रिलची खरड छाटणी आणि पावसानंतरची फळछाटणी, दोन्ही करता ना? यंदा डावणी किती आली? फ्रान्समध्ये वेलीला हिवाळा झोपवतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून कात्रीने तिला वर्षातून दोनदा नव्याने फुटायला लावावं लागतं, आणि तिकडे सप्टेंबरात होणारी तोडणी इकडे जानेवारी ते मार्चमध्ये होते. चव इथे, बागेत ठरते, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, व्हिनयार्ड टूर वेगळी असते, तिचं तिकीट वेगळं."

बागायतदारांनी खांदे उडवले. त्यांनीही एके काळी दोन एकर चेनिन लावलं होतं, ते 'चेनिन'च म्हणतात. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झालं, वायनऱ्या उगवल्या, करार झाले. मग २००८ ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस, टाक्या भरलेल्या, आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकलेले. अनेकांनी वेली उपटल्या किंवा त्यांवर खायच्या द्राक्षांचं कलम केलं. यांनी दुसरं केलं. "थॉमसन कसं," ते म्हणाले, "नाही खपलं तर बेदाणा करता येतो. याचं काय करणार? बिया किती!"

या कथेला मातीची छटा होती, पण मुलाच्या यादीत ती नव्हती, त्यामुळे कोणाला आली नाही.

ऐकीव चव ही काही फक्त टेस्टिंग-रूमची मक्तेदारी नाही. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने महिनाभर हीच टेस्टिंग केली. सत्ताधारी म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतमाल आहे. विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. ज्याने ज्या पक्षाकडून ऐकलं, त्याला तीच चव लागली. निर्णय कागदावरच राहिला, सरकार बदललं. वाइनवर २० टक्के व्हॅट घ्यायचा आणि त्यातले १६ टक्के वायनरीला परत द्यायचे ही योजना मात्र नव्या सरकारच्याही जिभेला मानवली. बाकी ज्या राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे आणि दारू पिण्याच्या परवान्यावर ती प्रकृती राखण्यासाठी हवी असं छापलेलं असतं, तिथे चवीबद्दल सरकारशी वाद घालण्यात अर्थ नाही.

टेस्टिंग संपताना मुलाने विचारलं, सगळ्यांत कुठली आवडली? एकमत: ड्राय. गोड वाइन ही नवख्यांची, असं त्याने सुरुवातीलाच सुचवून ठेवलं होतं. मसालेदार खाण्याबरोबर थोडी गोडसर शेनिन उत्तम लागते, तिखटाची धार ती बोथट करते, हे मिसळीच्या गावात सांगण्यासारखं खरं ज्ञान होतं. पण ते त्याने चीजची बशी संपल्यावर, उठता उठता सांगितलं. बशीत पिवळे चौकोन आणि बिस्किटं होती. तिखट काही नव्हतं.

आणि बाहेर काउंटरवर? ड्रायची खोकी भिंतीला तशीच रेलून. लेट हार्वेस्ट, म्हणजे वेलीवरच जास्त पिकू दिलेल्या शेनिनची गोड वाइन, तिच्या बाटल्या मात्र पटापट निघत होत्या. ठाण्याच्या तरुणाने दोन घेतल्या, बाहीवाल्या बाईंनी तीन. बागायतदारांनी एक घेतली, व्याह्यांसाठी. ती संकष्टीला चालते, कारण विकत घेणं म्हणजे पिणं नव्हे.

माझ्या पुढे 'तीर्थ'वाले गृहस्थ होते. आत वाइन ही संस्कृती कशी आहे यावर त्यांनी ठाण्याच्या तरुणाला बरंच ऐकवलं होतं. काउंटरवरच्या पोराने त्यांच्या बाटल्या वायनरीचं नाव ठळक छापलेल्या जाड कागदी पिशवीत घातल्या.

"काळी पिशवी नाही का?"

"सर, प्लास्टिक बंद आहे."

"मग ही उलटी करून द्या ना. नाव आत जाऊ दे. गाडीत सासूबाई बसल्यात."