लाल कार्ड कुणाला?

जिल्हा परिषदेचं काम चोख असतं. गावच्या विहिरीशेजारी उकिरडा दिसला, टाकी गळताना आढळली, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरीचा डबा रिकामा सापडला, की ग्रामपंचायतीच्या हातात पिवळं किंवा थेट लाल कार्ड! सगळं ठीक असेल तर हिरवं, आणि सलग ५ वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. शिवाय गावचा जलसुरक्षक, पाणी तपासायला शिकवलेल्या बायका, त्यांच्या हातात किट. पाणी राखायचं ते ग्रामस्थांनीच, असं धोरण आहे. आमचा पूर्ण पाठिंबा! फक्त हा लोकसहभाग वेशीवर अडवू नये, त्याला पुण्यातही येऊ द्यावं.

पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासल्याच्या काठच्या गावांनी धरण स्वच्छ ठेवावं, याची शहराला कोण काळजी. (रविवारी चौपाटीवर भजी खाऊन कागद पाण्याकडे भिरकावणारी मंडळी कुठल्या गावची, ते विचारू नये.) एकदा पाणी नळातून आलं, मोरीतून गेलं, की काळजी मिटली. पुढे ते मुळा-मुठेत जातं, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. जपानच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा करार २०१६ मध्येच झाला आहे. सोलापूरकरांनी जरा दम धरावा.

नांदेड, किरकटवाडी ही सिंहगड रस्त्याकडची गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा कळलं, की तिथल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकलं जातं, पण ते पाणी गाळलं जात नाही. ग्रामपंचायत असती तर कार्ड तरी देता आलं असतं. आता गाव शहर झालंय. शहराला कार्ड देणार कोण?

म्हणून म्हणतो, उजनीकाठचा एखादा जलसुरक्षक बोलवाच. तो बाटली आणि फॉर्म घेऊन पुण्याच्या नदीपात्रात उतरेल. ‘स्रोताजवळ गटार आहे काय?’ या प्रश्नावर अडेल.

‘‘सायेब, यातला स्रोत कंचा आन् गटार कंचं, तेवढं सांगा. रकाना भरायचाय.’’

महापालिकेचे साहेब त्याला सीलबंद पाण्याची बाटली देतील.

‘‘मग लाल लिहू का?’’

‘‘छे हो, आमच्याकडे कार्डपद्धत नाही. आमच्याकडे निविदापद्धत आहे.’’