साताऱ्यात ‘सातारा’ सापडत नसल्यास काय करावे

हे मार्गदर्शन मामांना संकेतस्थळ बांधून देणाऱ्या भाच्यांसाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. मामा कुणाला चुकलेत?

आमचे मामा सांगलीचे. हळदीच्या पेठेत दिवाणजी म्हणून हयात काढली आणि निवृत्तीनंतर सातारा-सांगलीकडच्या गावांवर दोनेकशे टिपणं लिहिली. ती मी साताऱ्यात बसून ‘एमकेडॉक्स’नं संकेतस्थळावर चढवली. या पद्धतीत पानं आधीच तयार करून ठेवतात, मागं डेटाबेस नसतो. घरून डबा भरून न्यायचा, तिथं चूल पेटवायची नाही. शोधाचंही तसंच. साइट बनतानाच प्लगइन सगळे शब्द वेचून एका फायलीत यादी करतो आणि वाचकाचा ब्राउझर ती यादी चाळतो. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. मग सांगलीहून फोन येतो, “घावंना रं!”

नियम पहिला. काय घावंना, हे विचारू नये. उत्तर ‘काहीच’ असं येतं. “कुठून उघडलंत?” हे विचारावं. मी ते न विचारता दोन रात्री प्लगइनच्या आवृत्त्या वर-खाली केल्या. शेवटी कराड, पेठनाका, आष्टा करत सांगली गाठली, तर मामांनी पेनड्राइव्हवरचं पान डबल-क्लिक करून उघडलेलं. फाइल अशी थेट उघडली की सुरक्षेपायी ब्राउझर शब्दांची यादी वाचू देत नाही. शोधाचा चौकोन दिसतो, आत सामसूम. साइट नेटवरून उघडावी, नाहीतर ‘सर्व्ह’ची आज्ञा देऊन. येताना भडंग मिळालं, एवढंच.

नियम दुसरा. ब्राउझरच्या पोटात जुनी यादी बसलेली असते. कंट्रोल, शिफ्ट, आर.

नियम तिसरा जरा बैठक मारून वाचावा. प्लगइनच्या आत ‘लनर’ नावाचं शोधयंत्र आहे. ‘सोलर’ नावाच्या मोठ्या यंत्राचा हा धाकटा, आणि आपलं तेज थोरल्याइतकं नाही हे त्याच्या कर्त्यानंच लिहून ठेवलंय. नम्रता चांगली. पण त्याचा एक खाक्या आहे. शब्दाच्या कडेला चिकटलेले स्वल्पविराम, कंस वगैरे घासून काढायचे. आता अक्षर कशाला म्हणायचं? तर रोमन ए ते झेड, शून्य ते नऊ आणि खालची रेघ. बाकी सगळा कचरा. म्हणजे ‘सातारा’ अख्खाच कचरा. सांगलीत हळकुंडं ढोलात फिरवून पॉलिश करतात. इथं ढोल उघडून बघावं तर आत हळकुंडच नाही!

उपाय असा की सेटिंगमध्ये भाषा सांगावी. आमच्या आवृत्तीत हिंदी होती, तमिळ होती, मराठी नव्हती. तेव्हा गपचूप हिंदी सांगावी. देवनागरी शाबूत राहते. फक्त हिंदीतले किरकोळ शब्द समजून आपले ‘का’ आणि ‘की’ गिळले जातात. हे मामांना सांगू नये. मी सांगितलं, आणि भाषावार प्रांतरचनेवर अर्धा तास ऐकलं.

नियम चौथा. ‘गड’ शोधू नये. तिनाहून कमी अक्षरांचा शब्द हा प्लगइन मुळात मनावरच घेत नाही. काना-अनुस्वारही तो सुटे मोजतो म्हणून ‘वाई’ काठावर पास होते, ‘गड’ नापास. सज्जनगडाच्या शेजारात राहून हे सोसायचं! मर्यादा दोनवर आणावी.

नियम पाचवा, विभक्ती. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटण्याची रीत मार्टिन पोर्टर यांनी 1980 मध्ये मांडली. लनर तीच वापरतो. मराठीची कोण छाटणार? सांगलीचं बरं आहे. सांगलीत, सांगलीला, सांगलीकर. ‘सांगली’पुढं स्टारचं चिन्ह ठोकलं की सगळे हजर. सातारा मात्र अडून बसतो. ‘साताऱ्यात’ होताना त्याचा ‘र’च बदलतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’चं घर वेगळं, त्यामुळं ‘सातार’पुढं स्टार लावूनही भागत नाही. यादी करताना आणि शोधताना, दोन्हीकडं, ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता करून घ्यावा. युनिकोडवाले याला ‘एनएफडी’ म्हणतात. ही युक्ती मला तिसऱ्या आठवड्यात सुचली आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

‘ॲप’मधला ‘ॲ’ मात्र फोडूनही फुटत नाही. तो एकसंध असतो किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून केलेला; दिसायला जुळे, यंत्राला अनोळखी. आणि कराड की कऱ्हाड, या वादात तर कुठलंच यंत्र पडत नाही. तिथं हातानं पर्याय लिहावे लागतात.

हे ऐकून मामांना वाई आठवली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तिथून विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, पुढं खंड वीस झाले, आणि अकारविल्ह्यावरून बोट फिरवलं की नोंद सापडते. “त्याला कुठला रं तुझा नुक्ता?” मी चिडून इंडेक्स म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. लेख एकीकडं, शब्द दुसरीकडं, प्रत्येक शब्दापुढं तो ज्या पानांवर येतो त्यांचे आकडे. मामा म्हणाले, “रोजकीर्दीवरनं खतावणी. एवढंच न्हवं?”

एवढंच. पाच नियम लिहून मला जे सांगता आलं नाही, ते माणसानं दोन शब्दांत सांगितलं. वर लाल कापडाची खतावणी काढून प्रत्येक गावाला एक पान दिलं: सातारा, साताऱ्याचा, सातारकर, सातारी. मी ते सगळे पर्याय लेखांत भरले. कराड-कऱ्हाडही मिटलं.

दुसऱ्या दिवशी फोन. “घावंना रं!”

या वेळी मी विचारलं, “मामा, टाइप काय केलंत?”

“एस, ए, टी, ए, आर, ए.”

त्यांच्या फोनवर मराठी कळफलक नव्हताच. आता खतावणीत रोमन स्पेलिंगचा रकाना वाढवलाय. मामा सध्या ‘म’पर्यंत आलेत, मिरजेची चार स्पेलिंगं झाली.